शॉशँक बघून झाला, आता पुढे काय? : वाचकांचे प्रश्न, जेलवरच्या सिनेमांबद्दल

मागच्या अंकात जेलवरच्या सिनेमांबद्दल जरासं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर विचारा, तर एवढे मेल आले की उघडायची धास्ती वाटायला लागली. भिंत पोखरून पळणारे, दंगल करणारे, अंगावर नकाशा गोंदवून घेणारे हिरो यावेळी बाजूला ठेवलेत. ज्याने काही केलंच नाही असा माणूस आत जातो आणि त्याला आत घालणारे पोलीसच असतात, फक्त अशा सिनेमांचे प्रश्न घेतलेत. प्रश्न थोडे छाटलेत, राग मानू नका. काही ठिकाणी गोष्ट फुटणार आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी तेवढं उत्तर सोडून पुढे जा.

प्रश्न (इस्लामपूर): ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ मी किती वेळा बघितलाय देव जाणे. ही खरी घडलेली गोष्ट आहे का? आणि त्याच्या तोडीचं अजून काय आहे?

उत्तर: खरी नाही हो. स्टीफन किंगची 1982 सालची लघुकादंबरी आहे, तिच्यावरून फ्रँक डॅराबाँटने 1994 ला सिनेमा केला. जेल मात्र खरं आहे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मॅन्सफिल्ड गावाचं जुनं सुधारगृह, ते 1990 ला बंद पडलं म्हणून शूटिंगला मिळालं आणि आता लोक तिकीट काढून ते बघायला जातात. थिएटरमध्ये सिनेमा आपटला होता, ऑस्करची सात नामांकनं आणि हातात एक पण नाही, नंतर कॅसेट आणि टीव्हीवर लोकांनी त्याला डोक्यावर घेतला.

आता माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. शॉशँकमध्ये हिरो अँडीला शिक्षा कशी होते ते आठवून बघा बरं. नवरा प्यायलेला, जवळ पिस्तूल होतं, बायको आणि तिचा मित्र मेलेले, दोन जन्मठेपा ठोकल्या, संपलं, पुढचा सीन जेलच्या गेटवर. पोलीस त्यात जवळपास नाहीतच. वॉर्डन, म्हणजे तिकडचा जेलर, एक नंबरचा भ्रष्ट आहे, पैसे खातो, खरं सांगू शकणाऱ्या पोराला गोळ्या घालायला लावतो, सगळं खरं, पण अँडी आत आला तो काय वॉर्डनमुळे नाही, ते आपलं नशिबाने ओढवल्यासारखं येतं. म्हणून मला तो दोस्तीचा आणि चिवटपणाचा सिनेमा वाटतो, अन्यायाचा त्या मानाने कमी. खोटी केस जेलमध्ये बनत नाही ना, ती त्याच्या आधी बनते, पोलीस ठाण्यातल्या एका खोलीत टेबलावर, कागद आणि पेन घेऊन, आणि ज्या सिनेमाला ती खोली दाखवायचा धीर होतो तो माझ्या लेखी वरच्या रांगेतला. त्या हिशोबाने ‘इन द नेम ऑफ द फादर’ बघा. पुढचा प्रश्न त्यावरच आलाय.

प्रश्न (मूळची पुण्याची, सध्या इंग्लंडात): गिल्डफर्ड आमच्या रोजच्या ट्रेनच्या लाईनवर आहे. ‘इन द नेम ऑफ द फादर’ बघितल्यापासून ते स्टेशन आलं की कसंतरीच होतं. ऑफिसातला एक आयरिश सहकारी म्हणतो सिनेमात बरंच काही मनाने घातलंय. नक्की खरं किती?

उत्तर: तुमचा सहकारी बरोबर बोलतोय, पण गंमत अशी की मनाने घातलेलं काढून टाकलं तरी जे उरतं ते सिनेमापेक्षा भयंकर आहे.

आधी ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी. 5 ऑक्टोबर 1974 ला गिल्डफर्डमधल्या दोन पबमध्ये आयआरएने, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिशांना घालवायला निघालेल्या सशस्त्र संघटनेने, बॉम्ब ठेवले, पाच माणसं गेली. पुढच्या महिन्यात बर्मिंगहॅमला स्फोट झाले, तिथे 21 मेले, आणि मग अख्खा देश पेटला, सरकारने आठवड्याभरात दहशतवादविरोधी कायदा पास केला ज्यात संशयिताला सात दिवसांपर्यंत आरोप न ठेवता डांबता येत होतं. त्याच आठवड्यात गेरी कॉनलन नावाचा बेलफास्टचा विशीतला पोरगा उचलला. भुरट्या चोऱ्या, जुगार, कामाचा पत्ता नाही, असला पोरगा, त्याला कुठलीही संघटना जवळ उभी करणार नाही. तो आणि अजून तिघं, त्यातली एक सतरा वर्षांची इंग्लिश मुलगी, यांना 1975 ला जन्मठेप झाली, आणि पुरावा काय तर त्यांचे स्वतःचे कबुलीजबाब, बाकी त्यांना त्या पबशी जोडणारं काही म्हणजे काही नव्हतं.

आता मनाने घातलेलं. बाप आणि मुलगा वर्षानुवर्षं एकाच कोठडीत दाखवलेत, तसं नव्हतं. दोघांचा खटला एकत्र दाखवलाय, तो वेगवेगळा चालला. वकीलबाई गॅरेथ पीअर्स कोर्टात उभी राहून गरजते, ती खरी सॉलिसिटर आहे, तिकडे वरच्या कोर्टात बोलायचं काम बॅरिस्टरचं असायचं. खरा बॉम्बवाला जेलमध्ये भेटतो तो माणूसही रचलेला आहे. पण त्याच्या मागची गोष्ट खरी आहे, आयआरएचीच एक टोळी लंडनला पकडली गेली होती आणि 1977 ला त्यांनी कोर्टात सांगितलं की गिल्डफर्डचं काम आमचं, या पोरांचा काही संबंध नाही. तरीही ती पोरं अजून बारा वर्षं आतच राहिली.

बाप, जुझेप्पे कॉनलन, तो तर मुलाला वकील मिळवून द्यायला बेलफास्टहून लंडनला आला होता, छातीच्या रोगाने खंगलेला माणूस, तो नातेवाईकांच्या घरी उतरला आणि त्या घरातल्या सगळ्यांसकट त्याला उचललं, म्हणे यांच्या हातांवर नायट्रोग्लिसरिन सापडलं. तो 1980 ला कैदेतच मेला. बापासकट त्या घरातून उचललेल्या सातही जणांची शिक्षा 1991 ला रद्द झाली, म्हणजे त्याच्या बाबतीत मेल्यावर अकरा वर्षांनी.

सिनेमाने शेवटी एक मोठा सीन केलाय, बचाव पक्षाला दाखवू नये असा शेरा मारलेला साक्षीचा कागद बाईंच्या हाती लागतो आणि कोर्टात एकच हलकल्लोळ. गेरी त्या दिवशी दुसरीकडे होता हे सांगणारा जबाब दाबून ठेवला होता ही गोष्ट खरी, पण 1989 ला ते सुटले ते मुख्यतः दुसऱ्याच कागदांमुळे आणि मला ते कागद कितीतरी जास्त भारी वाटतात. झालं असं की एव्हन अँड सॉमरसेट पोलीस, म्हणजे दुसऱ्याच जिल्ह्याचे पोलीस, सरे पोलिसांची, म्हणजे गिल्डफर्डच्या पोलिसांची, जुनी दप्तरं तपासत होते. त्यात चारातल्या एकाच्या चौकशीच्या टाईप केलेल्या नोंदी सापडल्या. त्यांच्यावर पेनाने खाडाखोड, इथे वाक्य घाल, ते वर घे, हे खाली टाक. आणि खटल्यात दाखवलेल्या हाताने लिहिलेल्या नोंदी, ज्या प्रत्यक्ष चौकशी चालू असताना तिथल्या तिथे लिहिल्यात असं अधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितलं होतं, त्या या दुरुस्त केलेल्या टाईप कागदांशी जुळत होत्या. म्हणजे आधी टाईप केलं, मग सुधारलं, मग सुधारलेलं हाताने उतरवून काढलं आणि कोर्टात म्हटलं आरोपी बोलत होता तसं आम्ही लिहीत गेलो. पंधरा वर्षं चार माणसं आत होती ती अशा मसुद्यावर.

त्यातल्या तीन माजी अधिकाऱ्यांवर खटला चालला, 1993 ला ते निर्दोष सुटले. टोनी ब्लेअरने 2005 ला जाहीर माफी मागितली. सिनेमा नक्की परत बघा, डॅनियल डे-लुईससाठी सगळे बघतात, तुम्ही पीट पॉस्टलथ्वेटने केलेला बाप बघा.

प्रश्न (लातूर, एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला): ‘विसारनाई’ हा तमिळ सिनेमा बघितला, झोप लागली नाही. पण सर, आम्हाला तर शिकवतात की पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब भारतात पुरावाच नाही. मग मारून कबूल करून घ्यायचा उपयोग काय? दिग्दर्शकाने वाढवून दाखवलंय का?

उत्तर: चांगलं विचारलंत. शिकवतात ते बरोबर आहे, जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम 25, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते 23 मध्ये आलंय. ब्रिटिशांनीच हे कलम घातलं कारण त्यांना आपले पोलीस काय करतात ते पक्कं माहीत होतं.

पण त्याच कलमाच्या पोटात एक खिडकी आहे, जुनं कलम 27. आरोपीने पोलिसांना काही सांगितलं आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. आता कुठल्याही केसचे कागद उघडून बघा, आरोपीने स्वखुशीने निवेदन केले की मी लपवून ठेवलेला चाकू काढून देतो, मग दोन पंच, मग गाडीत बसून जाणं, मग झुडपातून चाकू काढून देणं, पंचनामा, सह्या. खऱ्या केसमध्ये हे खरंच होतं आणि त्यावर खरे खुनी आत जातात, ते नाकारायचं कारण नाही. पण खोट्या केसमध्येही कागद अगदी असाच दिसतो, शब्दाला शब्द. आणि पंच कोण, तर बऱ्याचदा ठाण्याच्या समोरचा टपरीवाला नाहीतर याआधी पण पंच म्हणून सह्या केलेला कुणीतरी. तुम्ही प्रॅक्टिसला लागाल तेव्हा पंचाची उलटतपासणी कशी करायची ते आधी शिका, अर्धी केस तिथेच असते.

शिवाय सगळे कायदे सारखे नाहीत. आपला मकोका 1999 चा, त्याच्या कलम 18 खाली पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालतो. मुंबईच्या 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटाच्या केसमध्ये असेच कबुलीजबाब होते. विशेष कोर्टाने 2015 ला बारा जणांना दोषी धरलं, त्यातल्या पाच जणांना फाशी, आणि 21 जुलै 2025 ला हायकोर्टाने बाराही जणांना सोडलं, कबुलीजबाबांवर भरवसा ठेवता येत नाही असं म्हणून. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुटलेल्यांना परत आत टाकायचं नाही पण हा निकाल तूर्त दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही. तेरावा आरोपी अब्दुल वाहिद शेख, पेशाने शिक्षक, तो 2015 लाच निर्दोष सुटला होता पण तोवर नऊ वर्षं गेली होती, त्याच्यावर ‘हिमोलिम्फ’ नावाचा सिनेमा 2022 ला आला. आणि ज्यांची माणसं त्या लोकलमध्ये गेली त्यांना एकोणीस वर्षांनी काय हातात आलं, हा प्रश्न राहतोच, तो कुठल्या सिनेमाने अजून नीट धरलेला नाही असं मला वाटतं.

आता ‘विसारनाई’. वाढवून दाखवलंय म्हणता, तर तो ज्या पुस्तकावर आहे ते लिहिणारा एम. चंद्रकुमार हा कोईमतूरचा रिक्षावाला, ऐंशीच्या दशकात आंध्रात गुंटूरला कामाला गेला असताना त्याला उचलून लॉकअपमध्ये जे केलं ते त्याने ‘लॉक अप’ नावाने लिहिलं. वेट्रिमारनने सिनेमा केला, 2015 ला व्हेनिसला दाखवला, मग राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मार खाण्याचे सीन अंगावर येतात हे खरं, पण माझ्या डोक्यात बसलाय तो कोर्टाचा सीन. पोरं तमिळ, कोर्ट तेलुगू. मॅजिस्ट्रेट काय विचारतोय ते त्यांना कळत नाही आणि ती काय ओरडतायत ते त्याला कळत नाही. योगायोगाने तिथे आलेला एक तमिळ इन्स्पेक्टर ते भाषांतर करून सांगतो म्हणून ती सुटतात. तो तिथे नसता तर? आपल्याकडे रिमांडला उभं केल्यावर मॅजिस्ट्रेट विचारतात ना, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, आणि मागे तोच हवालदार हाताला धरून उभा असतो ज्याच्याबरोबर परत जायचंय. नाही साहेब, म्हणतो माणूस. कागदावर येतं, आरोपीची तक्रार नाही. मारून कबूल करून घ्यायचा उपयोग काय विचारलंत, तर हा उपयोग, माणूस मोडला की पुढचे सगळे कागद सुरळीत होतात.

प्रश्न (सोलापूर): माझे मिस्टर हवालदार आहेत. गणपती, निवडणूक, मोर्चा, बंदोबस्त, पोरांच्या वाढदिवसाला माणूस घरी नसतो. तुम्ही लोक असले सिनेमे डोक्यावर घेता आणि सगळ्या खात्याला बदनाम करता. एखादा तरी सिनेमा सांगा ज्यात पोलीस पण माणूस आहे.

उत्तर: ताई, तुमचा राग रास्त आहे आणि तुमच्यासाठी मुद्दाम दोन सांगतो.

एक ‘अर्धसत्य’, 1983 चा, गोविंद निहलानींचा. मूळ कथा आपल्या श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची. सब-इन्स्पेक्टर वेलणकर सरळ माणूस आहे, बाप पण पोलिसातलाच, गुंडाला हात लावायला गेला की वरून फोन येतो, साहेब म्हणतात सोडून द्या, मेहनत याची आणि शाबासकी दुसऱ्याला. हे साठत साठत जातं आणि एके रात्री कोठडीतल्या एका किरकोळ चोराला तो इतका मारतो की तो मरतो. मग त्यातून सुटायला त्याला ज्या गुंडाला पकडायचं होतं त्याच्याच दारात जावं लागतं. ओम पुरीचा चेहरा बघा त्या सीनमध्ये. त्यात मारलेल्या माणसाला सिनेमा फार वेळ देत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे, पण पोलिसाची घुसमट याच्यापेक्षा चांगली हिंदीत कुणी दाखवल्याचं मला तरी आठवत नाही.

दुसरा परत ‘विसारनाई’च, त्याचा उत्तरार्ध. ज्या तमिळ इन्स्पेक्टरने पोरांना सोडवलं त्याची वेळ येते, वरचे साहेब त्याच्याकडून नको ते करून घेतात आणि नको ते त्याने पाहिलेलं असतं, पुढचं सांगत नाही.

आणि अजून एक सांगू का, गिल्डफर्डचे ते टाईप केलेले कागद शोधले कुणी? पोलिसांनीच. कोरियातली जी केस खाली येतेय तिथेही खरा खुनी पोलिसांनीच शोधला, उशिरा का होईना. खोट्या केसेस बऱ्याचदा एखादा राक्षस बसून बनवत नाही, स्फोट झालाय, पेपर रोज छापतायत, मंत्री विचारतायत तपास कुठवर आला, अधिवेशनात प्रश्न येणार, आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे. ते नाव आणायला तुमच्या मिस्टरांसारख्यालाच पाठवतात. चूक उघडी पडली तर निलंबन पण बहुतेक वेळा त्याचंच. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2020 ला प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावा, लॉकअपमध्ये पण लावा आणि रेकॉर्डिंग दीड वर्ष ठेवा असा आदेश दिलाय, मला विचाराल तर प्रामाणिक हवालदाराला त्याच्याइतकं संरक्षण दुसरं नाही.

प्रश्न (नाशिक रोड): सगळे इंग्लंड, अमेरिका, तमिळ. आपल्या महाराष्ट्रात असं फाशीपर्यंत गेलेलं काही आहे का?

उत्तर: आहे, आणि तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. जून 2003 ला नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या एका झोपडीत रात्री दरोडा पडला, पाच माणसं मारली, बाईवर आणि मुलीवर अत्याचार. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. नाशिकच्या कोर्टाने 2006 ला सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने 2007 ला तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांची जन्मठेप केली. सुप्रीम कोर्टाने 2009 ला ती जन्मठेप पण उचलून सहाही जणांची परत फाशीच केली. नंतर कळलं की त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, आणि तोवर तो फाशीच्या कोठडीत वर्षं काढून बसलेला.

आणि 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने स्वतःचा निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण ऐका. त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईला पोलिसांनी सुरुवातीलाच गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातून चार जण ओळखले होते. चौघंही वेगळेच. रेकॉर्डवर होतं ते. त्या चौघांचा तपास पुढे झालाच नाही आणि मग हे सहा उभे केले. तो अल्बम, ते नाव लिहिलेले कागद, सगळं फायलीतच होतं, तीन कोर्टांच्या समोरून गेलं. कोर्टाने प्रत्येकाला पाच लाख द्यायला सांगितलं आणि चुकार अधिकारी शोधून त्यांच्यावर कारवाई करा असंही म्हटलं. सोळा वर्षं गेली होती. आणि ती पाच माणसं मारणारे कोण, ते कोर्टात सिद्ध झालेलं नाहीच.

भटक्यांना इंग्रजांनी 1871 ला जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो स्वातंत्र्यानंतर गेला, पण गावात चोरी झाली की आधी कुणाच्या पालावर जीप जाते ते तुम्हाला मला माहीत आहे. यावर कुणी मराठीत पटकथा लिहीत असेल तर कृपा करून कोर्टातल्या भाषणावर खर्च करू नका, तो अल्बम दाखवा.

प्रश्न (रत्नागिरी): असा माणूस सुटला तर सरकार भरपाई देतं का? की नुसतं जा घरी?

उत्तर: बहुतेक वेळा जा घरी. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा अजून नाही, विधी आयोगाने ऑगस्ट 2018 ला 277 क्रमांकाच्या अहवालात कायदा करा म्हणून सुचवलं होतं. कोर्टाने मनावर घेतलं तर मिळतं. बिहारचा रुदुल साह 1968 ला निर्दोष ठरला आणि 1982 पर्यंत जेलमध्येच होता, म्हणजे निर्दोष ठरल्यावर चौदा वर्षं, त्याला 1983 ला सुप्रीम कोर्टाने 30 हजार आणि आधीचे 5 हजार दिले. इस्रोच्या नंबी नारायणन यांना 1994 च्या खोट्या हेरगिरीच्या केसबद्दल 2018 ला 50 लाख मिळाले, नंतर केरळ सरकारने वर 1 कोटी 30 लाख दिले. त्यांच्यावरचा ‘रॉकेट्री’ बऱ्याच जणांनी बघितला असेल. तिकडे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क केसमध्ये चुकीने शिक्षा झालेल्या पाच पोरांना 2014 ला मिळून 4 कोटी 10 लाख डॉलर मिळाले, त्यांची ‘व्हेन दे सी अस’ ही मालिका चार भागांची आहे, पहिला भाग लहान पोरं घरात असताना लावू नका.

प्रश्न (ठाणे): ‘मेमरीज ऑफ मर्डर’ या कोरियन सिनेमातला खुनी शेवटी सापडला म्हणतात, खरं का?

उत्तर: खरं. 2003 चा सिनेमा, बोंग जून-होचा, खऱ्या खूनसत्रावरचा, त्यात खुनी शेवटी सापडत नाही आणि डिटेक्टिव्ह सरळ कॅमेऱ्यात बघतो. 2019 ला डीएनए जुळला, तर खुनी मेव्हणीच्या खुनासाठी 1994 पासून जेलमध्येच बसलेला. पण त्याने जे खून कबूल केले त्यात 1988 चा एक असा होता ज्यासाठी दुसराच माणूस जन्मठेपेवर गेला होता, पोलिओने पाय अधू असलेला एक कामगार, झोपू न देता, मारून कबूल करून घेतलेला. तो वीसेक वर्षं काढून 2009 ला पॅरोलवर सुटला, डिसेंबर 2020 ला निर्दोष ठरला. सिनेमात पोलीस एका मतिमंद पोराकडून गुन्ह्याची गोष्ट पाठ करून घेतात तो भाग लोक हसत हसत बघतात, आता परत बघा, हसू येणार नाही.

प्रश्न (आटपाडी): आईला मारहाण बघवत नाही. तिच्याबरोबर बसून बघता येईल असं काही?

उत्तर: आटपाडीकर असून विचारताय! ‘दो आँखें बारह हाथ’, 1957, शांतारामबापूंचा, कथा गदिमांची, आणि जिच्यावरून सुचला ती स्वतंत्रपूरची खुली वसाहत तुमच्या तालुक्यातली, औंध संस्थानाने 1939 ला काढलेली. त्यात कैदी खरेच खुनी आहेत, म्हणजे आपल्या विषयात बसत नाही, पण आईबरोबर बसायला चालेल. विषयातलाच हवा असेल तर ‘जस्ट मर्सी’, 2019 चा. अलाबामातला वॉल्टर मॅकमिलियन, खून झाला त्या वेळी घरच्यांबरोबर मासे तळायच्या कार्यक्रमात होता, डझनभर साक्षीदार, तरी पकडला, खटला चालायच्या आधीच फाशीच्या कोठडीत ठेवला, ज्युरीने जन्मठेप सुचवली तर जज्जने ती बदलून फाशी केली. वकील ब्रायन स्टीव्हन्सन फाईली उपसत होता, त्यात मुख्य साक्षीदाराच्या जबाबाची कॅसेट मिळाली, ऐकून झाल्यावर ती उलटी करून लावली तर दुसऱ्या बाजूला तोच साक्षीदार पोलिसांवर चिडून बोलतोय की तुम्ही मला खोटं बोलायला लावताय. पुसायची राहिली होती. 1993 ला वॉल्टर सुटला. एक फाशीचा सीन आहे, दुसऱ्या कैद्याचा, तेवढा पाच-सात मिनिटांचा भाग आला की आईला चहा टाकायला पाठवा नाहीतर पुढे ढकला.

जागा संपली. ‘शाहिद’, ‘जय भीम’ आणि चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’वर पण पत्रं आलीत, कोर्टरूमचा वेगळा अंक करायचं चाललंय तेव्हा ती घेऊ. तोवर एकच विनंती, सिनेमा कुठल्या ॲपवर आहे हे विचारणारे मेल पाठवू नका, दर महिन्याला इकडचा तिकडे जातो आणि छापून येईपर्यंत उत्तर चुकीचं ठरतं.